रंगाआड काय झाकलं, ते घेणाऱ्याला दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुना फ्लॅट पडत्या भावात घ्यायचा, दोन-तीन महिन्यांत त्याचं रूप पालटायचं आणि चढ्या भावाने विकायचा, या व्यवसायावर आपल्या शनिवारच्या वास्तू पुरवणीत पानभर मजकूर वाचला. भिंतींना कोणता रंग दिला की गिऱ्हाईक लवकर होकार देतं, स्वयंपाकघरात ट्रॉल्या कोणत्या बसवाव्यात, फॉल्स सीलिंगमध्ये दिवे कसे सोडावेत, हे सगळं त्यात आलं. त्या फॉल्स सीलिंगच्या वर जो स्लॅब असतो, त्याच्याबद्दल एक ओळही नव्हती. ती कुणीतरी लिहायला हवी म्हणून हे पत्र. जरा लांबेल. काटछाट केलीत तरी आकडे तेवढे राहू द्यावेत ही विनंती.

मी स्थापत्य पदविकाधारक आहे. उमेदीची सगळी वर्षं कल्याण, डोंबिवली, ठाण्यातल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत गेली. आधी एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर होते, मग नवऱ्याबरोबर स्वतःची लहान-लहान कामं घेऊ लागले. गळती, पोपडे, उघड्या पडलेल्या सळ्या, वाकलेल्या गॅलऱ्या हेच आमचं रोजचं. अलीकडे आम्हाला बोलावणाऱ्यांत एक वेगळाच वर्ग वाढला आहे. ही माणसं जुन्या घरात वर्षानुवर्षं राहिलेली नसतात. त्यांनी नुकताच, सगळं नवं केलेला असा जुना फ्लॅट घेतलेला असतो. कर्जाचे पहिले काही हप्ते गेलेले असतात आणि पहिला पावसाळा सुरू झालेला असतो.

हा व्यवसायच वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. डोंबिवलीत रामनगर, टिळकनगर, पेंडसेनगर भागात तळ अधिक तीन किंवा चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या कितीतरी इमारती आहेत. त्यांत तरुणपणी घर घेतलेली माणसं आता सत्तरी ओलांडून गेली. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. गुडघे तिसरा मजला चढू देत नाहीत. मोरी ओलसर, वायरिंग जुनं, फरशी उखडलेली. घर दाखवायलाही संकोच वाटतो. दुसऱ्या बाजूला रोज लोकलने मुंबई गाठणारं तरुण जोडपं असतं. त्यांना स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर हवं असतं, नव्या टॉवरची किंमत झेपत नाही. बँक घरासाठी कर्ज देते, पण पदरचे पैसे आणि मुद्रांक शुल्क भरून झालं की डागडुजीला हातात काही उरत नाही. मधला माणूस या दोघांची सोय करतो. घर पडीक राहण्यापेक्षा कुणीतरी ते नीट करून राहतं केलं, तर चांगलंच आहे. त्यात त्याने नफा कमावला, तोही रास्तच.

आणि नीट करणारे आहेत. पूर्वेला दोघे भाऊ हेच काम करतात, वडील गवंडी होते त्यांचे. त्यांच्या कामावर मी दोनदा पाहणी करायला गेले. न्हाणीघराची जुनी लादी काढून ते खाली गेलेल्या सनकन स्लॅबपर्यंत पोचले होते. तिथला भिजून कुजलेला विटांचा कोबा त्यांनी पूर्ण काढला, स्लॅब वाळू दिला, वॉटरप्रूफिंग करून नवा कोबा घातला आणि दोन दिवस पाणी तुंबवून ठेवून खालच्या आजींना विचारून आले, ‘‘आजी, छताला ओल दिसते का?’’ मगच लादी बसली. गंजलेले जीआयचे लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे घातले. अॅल्युमिनियमच्या जुन्या तारा ओढून काढल्या, तांब्याच्या घातल्या, अर्थिंग केलं, वीज कुठे गळू लागली की पुरवठा तोडणारा ईएलसीबी लावला. यातलं काहीही फोटोत दिसत नाही. घर बघायला आलेलं गिऱ्हाईक भिंतीत कोणती तार आहे हे विचारत नाही, ते ओट्याच्या ग्रॅनाइटवरून हात फिरवतं. म्हणजे प्रामाणिक काम करणाऱ्याचे पैसे भिंतीत गाडले जातात आणि रंगरंगोटी करणाऱ्याचे समोर दिसतात. या धंद्याची खरी अडचण इथे आहे. त्या भावांनी मला सांगितलं की बाजूच्या गल्लीत दुसऱ्या एकाने निम्म्या खर्चात तसाच दिसणारा फ्लॅट उभा केला आणि त्याच भावाने विकला.

निम्म्या खर्चात तो कसा उभा राहतो, ते सांगते.

आपल्याकडच्या १९८०-९० च्या दशकातल्या इमारतींचं काँक्रीट बहुतेक जागेवर, हाताने किंवा लहान मिक्सरवर कालवलेलं. बऱ्याच ठिकाणी रेती खाडीची. ती गोड्या पाण्याने नीट धुतली नसेल तर तिच्यातलं मीठ काँक्रीटमध्ये राहतं आणि सळीला गंज धरतो. दुसरं कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे सळीवर एक संरक्षक थर टिकून राहतो. वर्षानुवर्षं हवा आणि ओल आत जात राहिली की ती अल्कता कमी होत जाते, संरक्षण सुटतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. तो आतून दाब देतो, काँक्रीट तडकतं आणि तुकडे पडायला लागतात. आपण ज्याला पोपडे म्हणतो त्यातले निम्मे रंगाचे नसतातच. ते सळीने ढकललेलं काँक्रीट असतं.

यावर खरा उपाय वेळखाऊ आहे. खालून टेकू द्यायचे, सैल झालेलं काँक्रीट सळीच्या मागेपर्यंत काढायचं, सळी घासून गंज काढायचा, जिथे ती झिजून बारीक झाली असेल तिथे नवी जोडायची, गंजरोधक लावायचं आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने किंवा मायक्रो काँक्रीटने जागा भरायची. धूळ, आवाज, मजुरी, दिवस, सगळंच लागतं. त्याऐवजी जिप्समची फॉल्स सीलिंग दोन-चार दिवसांत होते. पांढरीशुभ्र, कडेने पिवळे दिवे. स्लॅब कायमचा नजरेआड.

फॉल्स सीलिंगवर माझा राग नाही. पण चाळीस वर्षांच्या इमारतीत ती लावण्याआधी वरचा स्लॅब कसा होता हे कुणीतरी पाहून लिहून ठेवायला हवं. गेल्या पावसाळ्यात एका मुलीचा फोन आला. ‘‘काकू, हॉलच्या सीलिंगवर चहा सांडल्यासारखा डाग आलाय, पेंटर म्हणतो परत मारून देतो.’’ आम्ही एक पॅनेल उतरवलं. आतल्या स्लॅबच्या सळ्या काळ्या-तांबड्या होऊन लोंबत होत्या आणि सीलिंग टांगायच्या पट्ट्या त्याच कुजक्या काँक्रीटमध्ये ठोकलेल्या होत्या. पॅनेलवर काँक्रीटच्या ढपल्या पडून राहिल्या होत्या. त्या खोलीत तिचं बाळ पाळण्यात झोपायचं. विकणाऱ्याने हे पाहिलं नसेल हे शक्यच नाही. पट्टी ठोकताना कारागिराचा हात वर होता, डोळे वर होते. त्यांनी पाहिलं आणि झाकलं. मुलीच्या नवऱ्याने आम्हाला विचारलं, ‘‘आम्ही बघायला आलो तेव्हा आम्हाला हे कसं कळणार होतं?’’ याचं उत्तर असं की त्यांना कळणं शक्यच नव्हतं. पुढचं सगळं त्यावरच आहे.

त्याआधी वजनाचं बोलायला हवं. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं, सामान, फर्निचर मिळून दर चौरस मीटरला २०० किलो भार येईल असं धरून आराखडा करतात. भारतीय मानकात तोच आकडा आहे. जुनी लादी न काढता तिच्यावरच सिमेंट-रेतीचा दोन इंची थर टाकून नवी व्हिट्रिफाइड बसवली, तर दर चौरस मीटरला सुमारे १२० किलो वाढतात. म्हणजे निम्म्याहून जास्त भार नुसत्या फरशीने खाल्ला. ५०० चौरस फुटांच्या घरात हे साडेपाच टन होतात. लादी वरच्यावर चिकटवणारं ॲडहेसिव्ह वापरलं तर वाढणारं वजन बरंच कमी असतं, आणि जुनी लादी काढली तर प्रश्नच उरत नाही. पण लादी काढली की ती गोण्यांत भरून तीन जिने उतरवून ट्रकने न्यावी लागते. तो खर्च वाचवायला लादीवर लादी चढते. गावात अशी घरं मी पाहिली आहेत की दरवाजा खालून कापून घ्यावा लागला आणि हॉलमधून मोरीत उतरायला पायरी झाली. ही पायरी दिसली की घेणाऱ्याने थांबून विचारावं.

तोडफोडीच्या गोण्यांचंही तसंच. दहा बाय दहाच्या खोलीचा स्लॅब त्या हिशेबाने जेमतेम १,८५० किलो झेलण्यासाठी आहे. चाळीस किलोच्या गोण्या धरल्या तर पन्नाससुद्धा होत नाहीत. आणि ट्रक रात्री येणार म्हणून एका कोपऱ्यात छातीपर्यंत रचलेल्या दीड-दोनशे गोण्या मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. खालच्या मजल्यावर त्या वेळी मुलांची शिकवणी चालू होती.

आणखी एक गोष्ट, जी कारागिरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. खोलीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळी खालच्या बाजूला असते, पण भिंतीतून बाहेर आलेल्या गॅलरीच्या स्लॅबमध्ये ती वरच्या बाजूला असते, कारण तिथे स्लॅब वरच्या बाजूने ताणला जातो. गॅलरीची लादी काढायला ब्रेकर मशीन लावलं आणि ते जरा खोल गेलं, तर ज्या सळीवर गॅलरी टांगलेली आहे तिलाच धक्का बसतो. वर तीच गॅलरी विटांनी बंद करून हॉलमध्ये घ्यायची पद्धत आहे. म्हणजे सळी कमजोर करायची आणि टोकाला भिंतीचं वजन टांगायचं. पूर्वी लादी छिन्नी-हातोड्याने काढत. वेळ लागे, पण हाताला कळायचं की आता काँक्रीट आलं. मशीनला ते कळत नाही. चालवणारा रोजंदारीवर असतो आणि त्याला संध्याकाळपर्यंत हॉल मोकळा करायला सांगितलेलं असतं.

छताचंही तेच. त्या काळच्या मानकाप्रमाणे स्लॅबच्या सळीखाली १५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण पुरे धरलं जायचं. प्रत्यक्षात ते अनेकदा त्याहून कमी भरतं. आता कन्सील्ड, म्हणजे आत दडवलेल्या वायरिंगसाठी पाइप येतो २० किंवा २५ मिलिमीटरचा. तो छतात झिरी मारून बसवायचा म्हटलं तर सळी उघडी पडणारच. भिंतीत झिरी मारा, हरकत नाही. स्लॅबला, बीमला, कॉलमला झिरी मारू नये, एवढी साधी गोष्ट आहे. तरी एसीच्या पाइपासाठी बीममधून आरपार भोक पाडलेली घरं आम्हाला नेहमी दिसतात.

भिंती पाडून मोठा हॉल करण्याबद्दल आपल्या पुरवणीत खूप कौतुक होतं. बीम-कॉलमच्या सांगाड्यावर उभ्या इमारतीत मधली अर्ध्या विटेची भिंत काढता येते, पण ते इंजिनीअरने बघून सांगावं लागतं. काही जुन्या इमारती लोड बेअरिंग आहेत, तिथे स्लॅब थेट विटांच्या जाड भिंतींवर टेकलेला असतो. बाहेरून प्लास्टर आणि रंग झाला की दोन्ही सारख्याच दिसतात. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली चार मजली इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर फेरफाराचं काम चाललेलं होतं. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेच्या सप्तशृंगी इमारतीत वरच्या मजल्यावरच्या घरात फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि ६ जणांचा जीव गेला. ते काम विकण्यासाठी होतं की राहण्यासाठी, याने काँक्रीटला काही फरक पडत नाही. मात्र ज्याला स्वतः तिथे राहायचं आहे तो निदान एकदा वर बघतो. ज्याला तीन महिन्यांत निघून जायचं आहे त्याला तसं बघायचं कारण उरत नाही. म्हणून अशा कामावर शेजाऱ्यांनी आणि सोसायटीने जास्त लक्ष ठेवायला हवं.

आता कागदांचं. ‘‘आम्हाला कसं कळणार होतं’’ या प्रश्नाचा कायद्यात विचार झालेला आहे, आणि तोही आजचा नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्यावर बंधन घातलं आहे. मालमत्तेत असा मोठा दोष असेल जो त्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि नेहमीची काळजी घेऊनही त्याला शोधता येणार नाही, तर तो दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक, असंही तिथेच म्हटलं आहे. फॉल्स सीलिंगमागच्या गंजक्या सळ्या यात चपखल बसतात. अडचण अशी की हे कलम करारात वेगळं काही ठरलं नसेल तर लागू होतं. त्यामुळे छापील करारनाम्यांत ‘खरेदीदाराने मिळकत पाहून, तपासून, खात्री करून घेतली आहे, याबाबत पुढे कोणतीही तक्रार राहणार नाही’ असं वाक्य हमखास असतं. नोंदणी कार्यालयात घाईत सह्या करताना ते कुणी वाचत नाही. वाचा, आणि वकिलाला विचारून खोडायला लावा.

दुसरी अडचण मोठी आहे आणि पुरवणीतल्या लेखात ती युक्ती म्हणून सांगितली होती, याचं मला वाईट वाटलं. मुद्रांक शुल्क दोनदा भरावं लागू नये म्हणून हा मधला माणूस घर स्वतःच्या नावावर करूनच घेत नाही. मूळ मालक आजी-आजोबांना तो बरीचशी रक्कम देतो, विक्रीचा साधा करार आणि कुलमुखत्यारपत्र करून ठेवतो, ताबा घेतो, काम करतो आणि शेवटचं खरेदीखत आजोबांच्या नावाने थेट नव्या जोडप्याला करून देतो. अशा कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणातल्या निकालात स्पष्ट केलेलं आहे. पण इथे मालकीपेक्षा मला दुसरीच गोष्ट खुपते. इंडेक्स दोनवर, म्हणजे व्यवहाराच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, विकणारे म्हणून आजोबांचं नाव येतं. त्यांनी घर सोडलं तेव्हा छत उघडं होतं, सीलिंगमागे काय गेलं हे त्यांना माहीतच नाही. ज्याला माहीत आहे तो विकणारा म्हणून कागदावर नाही. दोष सांगायचं बंधन ज्याच्यावर आहे त्याला दोष ठाऊक नाही आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर बंधन नाही. तक्रार घेऊन गेलेलं जोडपं मग कुणाच्या दारात उभं राहतं? ऐंशी वर्षांच्या माणसाच्या. मी अशा एका आजोबांना थरथरत्या हातांनी कागद शोधताना पाहिलं आहे. त्यांची यात काही चूक नव्हती.

काहींना वाटतं रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारा कायदा, आहे ना. रेरामध्ये बांधकामातल्या दोषांसाठी पाच वर्षांची जबाबदारी आहे, पण ती नव्या प्रकल्पाच्या विकासकावर आहे. एका घरमालकाने दुसऱ्याला विकलेला चाळीस वर्षांचा फ्लॅट त्यात येत नाही.

मग करायचं काय? माझी मागणी एकच आहे. जुन्या घराचं काम करून ते विकायचं असेल तर काम उघडं असताना काय दिसलं आणि काय केलं, याची फाइल घराबरोबर घेणाऱ्याच्या हातात गेली पाहिजे, आणि काम ज्याने केलं त्याचं नाव व सही त्या फाइलवर असली पाहिजे. मोबाइलवर फोटो काढायला पैसे पडत नाहीत. स्लॅबची खालची बाजू सीलिंग लागण्याआधी, न्हाणीघर कोबा घालण्याआधी आणि पाणी तुंबवलेलं असताना, झिऱ्या बुजवण्याआधी, गॅलरीची लादी काढल्यावर, असे फोटो तारखेसह. पाइप आणि तारा कुठून गेल्या त्याचं हाताने काढलेलं रेखाचित्र. वापरलेल्या मालाची बिलं. आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनीअरचं एक पत्र, की मी काम चालू असताना जागेवर जाऊन पाहिलं. ज्याने काम नीट केलं त्याला हे ओझं वाटायचं कारण नाही. उलट भिंतीत गाडलेले पैसे त्याला पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला दाखवता येतील. त्या दोघा भावांना मी हे बोलून दाखवलं, तेव्हा धाकटा म्हणाला, ‘‘ताई, हे सगळ्यांना सक्तीचं झालं तर आमचा फ्लॅट आधी विकला जाईल.’’

हे घडवून आणणं सोसायटीच्या हातात आहे, नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. घरात फेरफार करायचे तर समितीची लेखी परवानगी लागते हे आदर्श उपविधींत, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, आहेच. आज ती परवानगी कशी दिली जाते, तर डेब्रिजसाठी अनामत रक्कम घेऊन आणि दुपारी दोन ते चार आवाज करू नये एवढी अट घालून. आत काय तोडलं जातंय हे बघायला कुणी वर जात नाही. समितीतली माणसं नोकरी सांभाळून, बिनपगारी हे काम करतात याची मला जाणीव आहे, पण परवानगीच्या पत्रात दोन ओळी वाढवणं त्यांना जड नाही. बंद करण्याआधी सोसायटीच्या इंजिनीअरला दाखवावं, त्याची फी काम करणाऱ्याने द्यावी, आणि फाइलची एक प्रत सोसायटीच्या दप्तरात राहावी. पुढे हस्तांतरणाचा अर्ज आला की ती प्रत नव्या सभासदाला वाचायला द्यावी.

इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं, म्हणजे मजबुतीच्या तपासणीचंही इथेच बोलते. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. शिवाय ३० वर्षं झालेल्या इमारतीने नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून स्थैर्याचं प्रमाणपत्र महापालिकेला द्यावं, असं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात सांगितलेलं आहे. ऑडिटला इंजिनीअर येतो तेव्हा नटवलेल्या फ्लॅटमध्ये त्याला काहीच बघता येत नाही. वर सीलिंग, भिंतींना पॅनेलिंग, कॉलमभोवती कपाट. मी ऑडिटवाल्यांबरोबर फिरले आहे. त्यांना त्या घरापुढे ‘तपासणी शक्य नाही’ असं लिहावं लागतं. कमीत कमी एक उघडता येणारी झडप सीलिंगला ठेवायला सांगा. दोन फूट बाय दोन फूट पुरे. तिच्यातून टॉर्च मारून बघता येतं, हातोडीने ठोकून आवाज घेता येतो, काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारून रंग बघता येतो. गुलाबी झालं तर अल्कता शाबूत आहे, रंग आलाच नाही तर ती गेलेली आहे.

घर घेणाऱ्या मुलामुलींना काही कळकळीने सांगायचं आहे. पहिल्यांदा घर बघायला संध्याकाळी दिवे लागल्यावर जाऊ नका, दिवसा जा. शक्य असेल तर भर पावसाळ्यात जा. घराइतकाच वेळ जिन्यात, गच्चीवर आणि इमारतीच्या मागच्या बाजूला घालवा. तिथे कुणी रंग दिलेला नसतो, इमारतीची खरी तब्येत तिथे दिसते. खालच्या घराची बेल वाजवा आणि त्यांच्या न्हाणीघराचं छत बघू द्या म्हणून विनंती करा. आपल्याकडे लोक नाही म्हणत नाहीत, चहा देतात आणि वर सगळा इतिहास सांगतात. वरच्या घरातही जा. सोसायटीकडे शेवटच्या ऑडिटचा अहवाल मागा, पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत का विचारा. चार वर्षांत इमारत पाडायची असेल तर त्या इटालियन मार्बलचे पैसे तुम्ही कशासाठी देताय? आणि बँकेचा मूल्यांकन करणारा येऊन गेला म्हणजे घर तपासलं गेलं, असं समजू नका. तो बँकेच्या पैशांची काळजी घेत असतो. स्वतःचा इंजिनीअर न्या. काही हजार रुपये लागतील. ज्या घरासाठी वीस वर्षं हप्ते भरायचे, त्यासाठी ते जास्त नाहीत.

विकणाऱ्या आजी-आजोबांनाही एक विनंती. करार आणि कुलमुखत्यारपत्र करून घराचा ताबा देऊन टाकू नका. सरळ खरेदीखत करा, पुढे तो काय करेल ते त्याच्या नावावर होऊ द्या. त्याला दोनदा शुल्क भरावं लागतं म्हणून तो तुम्हाला थोडी कमी रक्कम देऊ करेल. ती कमी घ्या. आणि कुलमुखत्यारपत्र करायचंच झालं तर त्यात, घरात केलेल्या प्रत्येक कामाची जबाबदारी त्याची राहील, असं लिहून घ्या आणि घर सोडताना छताचे, न्हाणीघराचे फोटो नातवंडांकडून काढून ठेवा.

आमच्या स्वतःच्या सोसायटीत गेल्या वार्षिक सभेत मी हा विषय मांडला. विरोध झाला. एक गृहस्थ म्हणाले, अशाने आपल्या इमारतीतले फ्लॅट विकले जाणार नाहीत, भाव पडेल. मी म्हटलं, दादा, तुमच्या डोक्यावरचा स्लॅब वरच्या घराची फरशी आहे. वरचं घर उद्या विकलं गेलं आणि कुणी मशीन लावलं, तर भाव कुणाचा पडेल ते सांगा. त्यावर थोडी चर्चा झाली, आणि ठराव मंजूर झाला. त्यानंतर आलेल्या पहिल्याच कामात सीलिंगआधीची पाहणी झाली. दोन ठिकाणी सळ्या उघड्या सापडल्या, त्यांची रीतसर दुरुस्ती झाली आणि काम आठवडाभर लांबलं. काम करणारा सुरुवातीला कुरकुरला, पण फ्लॅट विकायला काढताना ती फाइल त्याने सगळ्यांत आधी टेबलावर ठेवली.

त्या ठरावाचा मजकूर, परवानगीच्या पत्रात घालायच्या ओळी आणि फाइलमध्ये काय-काय असावं याचा एक पानी नमुना मी सोप्या मराठीत तयार केलेला आहे. आपण वास्तू पुरवणीत तो छापायला तयार असाल तर लगेच पाठवते. शक्य झाल्यास तो एप्रिल संपायच्या आत यावा. पावसाळ्याआधी घरं रिकामी करून कामं काढण्याची गडबड तेव्हाच सुरू होते.

आपली,
एक स्थापत्य पदविकाधारक वाचक
डोंबिवली (पूर्व)